पौषातल्या एकशेवीस बायका

मुरबाड, २ जून २०२५

ती. काशीआत्या,

शेखरचा नमस्कार. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

आनंदाची बातमी अशी की आमच्या कॉलेजात अखेर कायम प्राध्यापकाची एक जागा निघाली आहे. मुलाखत २५ जुलैला. अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे दर जूनमध्ये मला ठेवलं की काढलं हे नोटीस बोर्डावर वाचायचं. हे या वर्षी संपू शकतं. समोर एकच माणूस आहे, आमच्याच विभागातला आदेश. त्याचे सहा शोधनिबंध छापून आलेत, माझे पाच. सहावा सोबत पाठवतो आहे : ‘डोळखांब परिसरातील महिला शेतकऱ्यांकडून पारंपरिक भातबियाण्यांचे जतन : एक चिकित्सक अभ्यास’. दुसरे लेखक म्हणून आमच्या प्राचार्यांचं नाव आहे. त्यांचं नाव आमच्याकडच्या प्रत्येक लेखावर असतं, ती पद्धतच आहे.

आता तुझं काम. संशोधन पत्रिकेत लेख छापण्याआधी त्या विषयातल्या एका जाणकाराने तो तपासून दाखला द्यावा लागतो. जाणकार कोण ते लेखकानेच सुचवायचं असतं. मी तुझं नाव दिलं आहे. तू जन्मभर तिकडे मास्तरीण होतीस, शेतं पाहिलीस, तुझ्याहून जाणकार कोण? शिवाय तू वेखंडे आणि मी फर्डे, त्यामुळे नात्याचा प्रश्न येत नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावलं आहे, कारण फॉर्ममध्ये ती जागा रिकामी सोडता येत नाही.

लेख वाचायची तसदी घेऊ नकोस. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही कर आणि पाठवून दे.

तुझा
शेखर

*

डोळखांब, ८ जून २०२५

चि. शेखर,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी जरा हात राखून देते आहे.

आधी तुझ्या पदवीचं सांगते. पाकिटावर तू ‘डॉ. काशी वेखंडे’ लिहिलंस, ते पोस्टमनने वाचलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची लहानी ओटीवर येऊन बसली आणि गुडघा पुढे केला. म्हणाली, “बाय, तुमी डाक्टर झालाव, आमाला सांगलाव पन नाय.” तिला तेल चोळून पाठवलं. कालपर्यंत तीन गुडघे आणि एक कान झाला. कान माझ्यापेक्षा बरा होता.

आता तुझा लेख. वाचू नकोस म्हणालास म्हणून पहिल्यांदा तोच वाचला. तेहतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, पोरगं ‘बाई, हे पान बघू नका’ म्हणालं की तेच पान आधी उघडायचं, एवढं मला कळतं.

पान चारवर म्हटलं आहे की बोंडअळीमुळे डोळखांबच्या महिला चिंताग्रस्त आहेत. शेखर, बोंडअळी कपाशीला लागते. डोळखांबला कापूस फक्त माझ्या गादीत आहे. हा लेख आधी कुठल्यातरी कपाशीच्या मुलखातला होता आणि तू त्यातली गावं बदललीस, पण अळी बदलायची राहिली, असं माझं मत झालं. पान सहावर समाधानी, असमाधानी आणि सांगता येत नाही अशा तिघींची बेरीज एकशेसात टक्के होते. सातवीतल्या पोराला मी यासाठी बाकावर उभं केलं असतं.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. एक घालता येत नाही. तू लिहितोस की ३ ते १८ जानेवारी या काळात वरच्या पाड्यावर जाऊन एकशेवीस महिलांना घरोघरी प्रश्न विचारले. जानेवारी म्हणजे पौष. दिवाळी झाली, भात झोडून झालं की वरचा पाडा पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातो, तो शिमग्यापर्यंत परत येत नाही. हे परदेशातल्या साहेबाला माहीत नसेल. तू तर इथल्याच किन्हवलीचा आहेस. पौषात तुला वरच्या पाड्यावर एकशेवीस बायका कुठे सापडल्या?

फुलीवर मी सही केलेली नाही. आधी याचं उत्तर दे.

काशीआत्या

*

मुरबाड, १२ जून २०२५

ती. आत्या,

तू पोरांच्या वह्या तपासाव्यात तसा लेख तपासलास. लेख असे तपासत नाहीत. शीर्षक पाहायचं, संदर्भसूची लांब आहे ना ते पाहायचं, आणि ‘किरकोळ दुरुस्त्यांसह प्रसिद्धीयोग्य’ असं लिहायचं. माझ्या आधीच्या पाच लेखांवर पाच जणांनी हेच लिहिलं. त्यातले दोन मीच होतो, दुसऱ्या नावाने.

तुला वाटतं मी एकटाच असा. प्राचार्यांच्या नावावर गेल्या वर्षी एकतीस लेख आहेत. मत्स्यपालन, स्त्रीमुक्ती, ग्रंथालयशास्त्र आणि योग. हा माणूस मीटिंगमध्ये सलग दोन वाक्यं बोलत नाही. आदेशच्या सहापैकी चार लेखांत फक्त तालुक्याचं नाव वेगळं आहे. आणि पत्रिकेचं संपादक मंडळ ज्या पत्त्यावर बसतं तिथे मी एकदा गेलो होतो. खाली लग्नपत्रिका छापतात, वर संशोधन. यंत्र एकच आहे.

आणि मी गेलोच नव्हतो असं नाही. ३ जानेवारीला जीपने डोळखांबला उतरलो, पुढे दीड तास चाललो. घरांची दारं ओढून कड्यांत नुसत्या काड्या अडकवलेल्या. एका पडवीत एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, “कोन पायजे?” मी म्हणालो, एकशेवीस महिला. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग पाणीही तिनेच मला दिलं.

तर खरं हे आहे. परत आलो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना पाहणीचे कोरे अर्ज वाटले, प्रत्येकी दहा. पोरांनी कॅन्टीनमध्ये बसून बायका भरल्या.

आत्या, मी अडतीस वर्षांचा आहे. दर मे महिन्यात सरिता विचारते, यंदा ठेवतील ना? मुलगी कुठल्या शाळेत घालायची हे आम्ही नोटीस बोर्ड पाहून ठरवतो. मला खरंच शिकवता येतं, पोरं माझ्या तासाला बसतात. पण त्याचे गुण नाहीत, लेखाचे आहेत. एका सहीने माझं घर उभं राहणार असेल तर तुझं काय जातं?

प्राचार्यांच्या शिफारशीशिवाय लेख पुढे जात नाही, म्हणून फाइल त्यांच्याकडे दिली आहे. फक्त तुझा दाखला अडला आहे. लवकर पाठव.

शेखर

*

डोळखांब, ७ जुलै २०२५

चि. शेखर,

उत्तराला उशीर झाला, कारण मी वरच्या पाड्यावर गेले होते. तुझं संशोधन करायला. लेखाला कोणी नव्हतं, म्हटलं आपण जावं.

आता आषाढात सगळ्या तिथे आहेत. लावणी चालू आहे, त्यामुळे बायका घरात नाहीत आणि घरोघरी वगैरे जायचं कारण नाही. बांधावर बसायचं आणि भाकरीची वेळ झाली की विचारायचं. पाच दिवस गेले. मला ऐकू कमी येतं याची अडचण झाली नाही, वावरातल्या बाया मुळातच दोन शेतं पलीकडे ऐकू जाईल असं बोलतात. चौतीस जणी झाल्या. एकशेवीस त्या पाड्यावर नाहीतच, पोरीसोरी धरूनही नाहीत.

ऐक काय निघालं ते. चौतिसातल्या एकतीस जणी दुकानातली पिशवी आणून पेरतात. तू त्यांना ‘पारंपरिक बियाण्यांच्या रक्षणकर्त्या’ केलं आहेस. त्यांतल्याच जनीला मी विचारलं, घरचं बी का टाकलंत? ती म्हणाली, “भट्टीव चार मयने जायाचा, मागं कनगीत उंदीर. बी ठेवायचा कोनासाठी? उंदराना पेरता येत नाय.”

आणि ज्या म्हाताऱ्या बाईने तुला पाणी दिलं ती धोंडीबाई. तिला चालवत नाही म्हणून ती भट्टीवर जात नाही, पाड्यावर मागे राहते. सात घरांचं जुनं भात तिच्या एकटीच्या पडवीत असतं. पौषभर ती त्याला ऊन दाखवते, राख लावते, काठी घेऊन उंदरांच्या पाळतीवर बसते. त्या सात घरांचं बी टिकलं ते एका म्हातारीचे पाय दुखतात म्हणून. चौतिसातल्या उरलेल्या तीन जणी घरचं पेरतात, त्यांचंही तिच्याकडेच असतं; बाकी चार घरांच्या बाया मला भेटल्या नाहीत.

शेखर, पाडा रिकामा होता हाच तुझा लेख होता. तो तुझ्यासमोर दारं लावून उभा होता, आणि तू तो सोडून कॅन्टीनमध्ये आलास. मला याचा राग नाही आला, वाईट वाटलं. तू लहानपणी असा नव्हतास. ओढ्यातले खेकडे मोजायला सांगितले तर तू संध्याकाळपर्यंत मोजत बसायचास.

सोबत चौतीस जणींची वही पाठवते आहे. नावं आहेत, कोणी काय म्हणालं ते तिच्याच शब्दांत आहे. तुझी मुलाखत २५ ला आहे, अजून अठरा दिवस आहेत. तो बोंडअळीचा लेख मागे घे, हा लिही. धोंडीबाईचं नाव लेखात असू दे. प्राचार्य तिथे गेले नव्हते, त्यांचं नसू दे. यावर मी हवी तिथे सही करते, फुली नसली तरी करते.

आत्या

*

मुरबाड, ११ जुलै २०२५

ती. आत्या,

वही मिळाली. एका बैठकीत वाचली. चांगली आहे, म्हणजे फारच चांगली आहे, आणि मला ती आता उपयोगाची नाही.

अंक २० तारखेला निघतो. दाखला नसता तर लेख डिसेंबरवर गेला असता आणि जागा आदेशला गेली असती. तुझं पत्र येईना, म्हणून ३० जूनला मी तुझी सही केली. ‘किरकोळ दुरुस्त्यांसह प्रसिद्धीयोग्य’ असं लिहून. तुझ्या जुन्या पत्रावरून बघून केली, ‘वे’चा फराटा तुझ्यासारखाच आला.

एकदा मी कायम झालो की तुझ्या वहीवर खरा लेख लिहीन. शब्द देतो. धोंडीबाईचं नाव पहिलं घालीन.

रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण ते लिहायला हात होत नाही.

शेखर

*

डोळखांब, १५ जुलै २०२५

शेखर,

माझ्याकडे एवढी वर्षं शिकवून साठलं काय, तर एक सही. तिच्यावर तालुक्यातली पोरं वरच्या वर्गात गेली आणि काही नापास झाली. एका बापाने मला कोंबडा आणून दिला होता, पोरगं पास करा म्हणून. तो कोंबडा मी त्याच्या हातात परत दिला, पोरासकट. तू माझ्याच घरचा, तुला कोंबडाही आणावा लागला नाही.

मुलाखत चांगली होवो. वही मला परत पाठव. त्या बायांनी मला सांगितलं आहे, तुझ्या संशोधनाला नाही.

काशी वेखंडे
(ही मी स्वतः केलेली.)

*

मुरबाड, ४ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

वीस दिवस तुला लिहायला तोंड नव्हतं. आताही नाही, पण दुसरं कोणी नाही.

अंक निघाला. लेख पान ४१ वर आहे. बोंडअळी आहे, एकशेसात टक्के आहेत, पौषातल्या एकशेवीस बायका आहेत. लेखक : प्राचार्य, आणि आदेश. माझं नाव शेवटी ऋणनिर्देशात सापडलं. ‘टंकलेखनातील साहाय्याबद्दल श्री. शेखर फर्डे यांचे आभार.’ परीक्षक म्हणून तू मात्र जशीच्या तशी आहेस, डॉ. काशी वेखंडे, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ.

फाइल मी स्वतःच्या हाताने प्राचार्यांना दिली होती. त्यांनी वरचं पान बदललं, बस्स. आदेश त्यांच्या मेहुणीचा जावई आहे हे लग्नाला जाऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीत त्याचे सात लेख झाले, माझे पाचच राहिले. समितीतल्या एका साहेबांनी त्याचं कौतुक केलं, म्हणाले, एवढ्या दुर्गम भागात थंडीत पंधरा दिवस राहून काम केलंत, शाब्बास. आदेशने मान खाली घातली, विनयाने. त्याने डोळखांब बसच्या पाटीवर पाहिलं असेल तेवढंच. जागा त्याला गेली.

मी प्राचार्यांकडे गेलो. म्हणाले, “फर्डे, लेख तुमचा असल्याचा पुरावा काय?” माझ्याकडे संगणकात फाइल आहे, पण फाइलवर कोणीही कसलीही तारीख घालतो म्हणे.

पुरावा तुझ्याकडे आहे. २ जूनच्या पोस्टाच्या शिक्क्याच्या पाकिटात छापील प्रत आहे आणि तिच्यावर माझं नाव पहिलं आहे. तू त्याच लेखाची परीक्षक आहेस, अंकात छापून आलं आहे. विद्यापीठाकडे एक पत्र लिही की मी तपासलेला मूळ लेख शेखर फर्डे यांचाच होता. माझी चोरी झाली आहे, आत्या.

शेखर

*

डोळखांब, १० ऑगस्ट २०२५

चि. शेखर,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. खूप हसले. कामाला येणारी बाईजा अंगण सारवत होती, ती शेण टाकून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. याला आपल्याकडे चोरावर मोर म्हणतात. तू कोणाच्यातरी कपाशीच्या बायका उचलून आणल्यास, त्या तुझ्या घरातून प्राचार्यांनी उचलल्या. त्या बायांना मात्र कोणी विचारलं नाही, कुठे जायचंय म्हणून.

मग हसू संपलं. अकरा वर्षं नोटीस बोर्ड वाचणारा तू आणि मान खाली घालणारा तो आदेश डोळ्यांपुढे आला, आणि माझा जीव तुटला. तू वाईट वागलास, पण ते तुझ्याशी वाईट वागले म्हणून मला आनंद होणार नाही.

पाकीट माझ्याकडे आहे, शिक्का स्पष्ट आहे. पण नीट समजून घे. लेख तुझा आहे असं मी लिहायचं तर तो कसला आहे तेही मला लिहावं लागेल. नुसतं ‘हा शेखरचा’ म्हणून खोट्या मालावर मी तुझी मालकी सांगणार नाही. पत्र पूर्ण जाईल, नाहीतर जाणार नाही. मजकूर करून ठेवला आहे, तो असा :

“मी काशी वेखंडे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी डॉक्टर नाही. पान ४१ वरचा लेख २ जून रोजी माझ्याकडे आला तेव्हा त्यावर पहिलं नाव शेखर फर्डे यांचं होतं, दुसरं प्राचार्यांचं. आदेश यांचं नव्हतं. शेखर फर्डे माझे भाचे आहेत, म्हणून मी हा लेख तपासायलाच नको होता. लेखातली पाहणी झालेली नाही. जानेवारीत वरचा पाडा भट्टीवर असतो. सर्व अर्ज कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी भरले. मी हा लेख नापास केला होता. दाखल्यावरची सही माझी नाही, ती कोणी केली ते मला ठाऊक नाही. लेख मागे घेण्यात यावा.”

हे गेलं तर प्राचार्य आणि आदेश अडचणीत येतील, कारण त्यांनी न केलेल्या पाहणीवर जागा मिळवली. पण तुझं नावही त्यात आहे, आणि पुढच्या जूनमध्ये तुला तासिका कोणी देणार नाही. जागा तर तुला यातून मिळणार नाहीच. सरिताशी बोल. तुझ्या घराचा प्रश्न आहे, माझी पेन्शन चालू आहे, मला धीट होणं सोपं आहे. नाही म्हणालास तर मी हे चुलीत घालीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

मजकुराची एक प्रत सोबत आहे. ओळ न ओळ तपास.

आत्या

*

मुरबाड, १६ ऑगस्ट २०२५

ती. काशीआत्या,

सरिताशी बोललो. ती म्हणाली, नोटीस बोर्ड वाचून मलाही कंटाळा आला. किन्हवलीला क्लास काढू असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं आहे, गणित तिचं आणि भूगोल माझा. काल प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की पुढच्या अंकात एका लेखावर दुसरं नाव माझं घालतील, विषय मी निवडावा. मी म्हणालो, सर, विषय मिळाला आहे, लेखक शोधतो आहे. विषय तेच आहेत हे त्यांना कळलं नाही.

तू तपास म्हणालीस, म्हणून मजकूर तपासला. तुझ्या लिहिण्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही माझ्या सोयीच्या आहेत.

सगळे अर्ज विद्यार्थ्यांनी भरले नाहीत. सात पोरांनी दहा-दहा भरले आणि कंटाळून खेळायला गेली. उरलेल्या पन्नास बायका मी भरल्या, वयं, शिक्षण, समाधान, सगळं मनाने. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक तू जाणून केली आहेस. ‘ती कोणी केली ते मला ठाऊक नाही.’ जिने कोंबडा परत केला ती हे लिहिते. आत्या, माझ्यासाठी तू खोटं लिहू नकोस. ती ओळ मी खोडली आहे आणि तिथे माझ्या अक्षरात लिहिलं आहे : ‘ही सही शेखर फर्डे याने केली.’ खाली माझं नाव आणि तारीख आहे.

मजकूर परत पाठवतो आहे, सोबत बायांची वहीही आहे. आता खाली तुझी सही तू कर.

शेखर